तो गौरव आणि ते गौरव

मराठीत ‘गौरव’ म्हटलं की डोळ्यांपुढे व्यासपीठ येतं. मधल्या खुर्चीत अवघडून बसलेली गौरवमूर्ती, शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणून पाऊण तास माइक न सोडणारे वक्ते. तेव्हा ख्रिस्ती माणूस ऊठसूट ‘देवाला गौरव असो’ म्हणताना दिसला की बाकीच्यांना जे वाटतं, त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. हा कसला देव, ज्याला रोज सत्कार लागतो? अलीकडे एका परिसंवादात हाच प्रश्न निघाला. एका विवेकवादी वक्त्यानं विचारलं, स्वतःची स्तुती ऐकण्यासाठी माणसं निर्माण करणारा कुणी आपल्या गल्लीत राहायला असता, तर आपण त्याला काय म्हटलं असतं? उत्तर द्यायला उठलेले पाळकसाहेब म्हणाले, तो राजांचा राजा आहे, स्तुती हा त्याचा हक्कच आहे. टाळ्या दोघांनाही पडल्या. मी दोन्ही वेळा हात मांडीवर ठेवून बसलो. एकानं सत्काराला नावं ठेवली, दुसऱ्यानं सत्काराची निमंत्रणपत्रिका वाचून दाखवली. पण देवाचं गौरव म्हणजे सत्कार, हे दोघांनीही धरूनच ठेवलं होतं.

मला हे गृहीतच मान्य नाही. माणसानं देवाला अर्पण करायची स्तुती ही फार नंतरची गोष्ट. ख्रिस्ती श्रद्धेत गौरव म्हणजे आधी देव स्वतः कसा आहे ते उघडं होणं. आणि उघडं काय होतं? दरारा, ऐश्वर्य, लवाजमा? शास्त्र, म्हणजे बायबल, सलग वाचलं तर उत्तर येतं: दया, आणि त्या दयेपोटी स्वतःलाच देऊन टाकणं. हे उत्तर गोड आहे म्हणून मी ते पुढे करत नाही. त्याला अडचणी आहेत, आणि त्यांतल्या काही माझ्यानं पूर्ण सुटलेल्या नाहीत.

आमच्या मराठी बायबलमधली एक गोष्ट बाहेरच्यांच्या कानाला खटकते. तिथं ‘गौरव’ नपुंसकलिंगी आहे. व्यवहारात आपण ‘त्यांचा गौरव झाला’ म्हणतो. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र ‘आम्ही त्याचे गौरव पाहिले’ असं येतं. संस्कृतात हा शब्द नपुंसकलिंगीच. गुरु म्हणजे जड, त्यावरून गौरव म्हणजे जडपणा, वजन. तो गौरव होतो, हारतुऱ्यांनी होतो आणि मांडव उतरला की संपतो. ते गौरव मात्र असतं, कुणी पाहो न पाहो. योगायोग असा की हिब्रूतला मूळ शब्द ‘कावोद’ हाही ‘जड असणे’ याच धातूतला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात हिब्रू शास्त्राचं ग्रीक भाषांतर होऊ लागलं, तेव्हा भाषांतरकारांनी कावोदसाठी ‘डोक्सा’ हा शब्द घेतला. ग्रीकांच्या तोंडी डोक्सा म्हणजे मत, चार माणसांत असलेलं नाव. वजनाच्या जागी लौकिक आला. पुढे शास्त्राच्या वापरानं त्या शब्दाचाच अर्थ फिरला हे खरं, पण लौकिकाचा वास काही पुरता गेला नाही. मराठी भाषांतरकारांच्या हाती लागलेला शब्द या बाबतीत ग्रीकपेक्षा मुळाच्या जवळचा आहे. त्याला शाल-श्रीफळापाशी नेऊन बसवला तो आपण.

आता, वजन कशाचं? बायबलमधल्या ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकात एली नावाचा म्हातारा याजक आहे. त्याची पोरं देवापुढच्या बळीतले उत्तम तुकडे लाटतात, बापही त्यावर पोसला जातो. शत्रू पलिष्ट्यांनी कराराचा कोश, म्हणजे देवाच्या सान्निध्याची खूण असलेली पवित्र पेटी, पळवल्याची बातमी येते, एली आसनावरून मागे कोसळतो आणि मान मोडून मरतो. कारण, शास्त्र सांगतं, तो म्हातारा होता आणि जड होता. ‘जड’ला शब्द आहे ‘कावेद’. त्याच घटकेला त्याची सून बाळंत होते आणि मुलाचं नाव ठेवते ईखाबोद, म्हणजे ‘गौरव कुठे’. एकाच धातूचे दोन शब्द, पाच ओळींच्या अंतरावर. कथाकारानं हा श्लेष सहज केला असं मला वाटत नाही. देवाच्या नावावर अंगाला चढलेली चरबी हेही एक वजनच, पण ते आपल्याच मानेवर पडतं.

या सगळ्या वादाचा निकाल माझ्या मते बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या तेहेतिसाव्या अध्यायात लागतो, आणि परिसंवादात त्याचा उल्लेखही झाला नाही. इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामीतून बाहेर काढणारा मोशे देवाला थेट म्हणतो, तुझं गौरव मला दाखव. प्रसंग लक्षात घ्या. लोकांनी सोन्याचं वासरू ओतून त्यालाच देव मानल्याचं प्रकरण नुकतंच घडून गेलं आहे. लोकांना डोळे दिपवणारा देव हवा होता, आणि झगमगाट तर वासरानं यथास्थित पुरवलाच होता. आता मोशेच्या मागणीवर देव काय म्हणतो? माझा सगळा चांगुलपणा मी तुझ्यापुढून नेईन. मागणी गौरवाची, देणं चांगुलपणाचं. मोशेला खडकाच्या फटीत उभं केलं जातं, चेहरा दिसत नाही, पाठमोरं काही दिसतं, आणि कानांवर येतात ते शब्द: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, प्रेमानं ओतप्रोत. सिनायवर तेव्हाच्या लोकांनी भस्म करणारा अग्नी पाहिला होता. तोही गौरवाचाच देखावा होता, हे चोविसाव्या अध्यायात स्पष्ट आहे. पण देखाव्याचा अर्थ मोशेनं विचारला तेव्हा उत्तर अग्नीच्या भाषेत आलं नाही. पुढच्या वाक्यात त्याच देवाच्या तोंडी वडिलांच्या पापांचा जाब मुलानातवंडांपर्यंत घेण्याची भाषा आहे, तीही मी गाळत नाही. मात्र तिथलं गणित पाहा: जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, दया हजारोंपर्यंत.

नव्या करारात योहान हाच धागा उचलतो आणि अशा ठिकाणी नेतो की वाचणाऱ्याला धक्का बसावा. शब्द (योहान येशूला असं म्हणतो) देही झाला आणि त्यानं आमच्यामध्ये ‘वस्ती केली’. ग्रीकमध्ये तिथं तंबू ठोकणं आहे. अरण्यातला निवासमंडप आणि त्यावर उतरणारं गौरव यांची ती आठवण. (मराठीत वस्ती म्हणजे गावकुसाबाहेरची चार घरंही. भाषांतरकारांच्या मनात ती नसतीलही, पण शब्द अचूक पडला.) मग बाराव्या अध्यायात काही ग्रीक लोक येशूला भेटायला येतात. लौकिकाला डोक्सा म्हणणारेच हे लोक. त्यांचं येणं कळताच येशू म्हणतो, मनुष्याच्या पुत्राचं (हे तो स्वतःबद्दलच म्हणतो) गौरव होण्याची वेळ आली आहे. ऐकणाऱ्यानं मिरवणुकीची वाट पाहावी, तर पुढचं वाक्य गव्हाच्या दाण्याचं: तो मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो. तेराव्या अध्यायात हे आणखी उघड होतं. शिष्यांचे पाय धुऊन झालेत. दगा देणारा शिष्य यहूदा घास घेऊन बाहेर पडतो. ‘त्या वेळी रात्र होती,’ एवढंच योहान लिहितो. आणि दार लागताच येशू म्हणतो, आता मनुष्याच्या पुत्राचं गौरव झालं. दगा देणारा अजून वाटेत आहे, आणि ‘आता’!

विरोधातला पहिला भक्कम मुद्दा फारोचा, म्हणजे इस्राएल लोकांना गुलाम करून ठेवणाऱ्या मिसरच्या राजाचा. तांबड्या समुद्राकाठी देव सांगतो, फारो आणि त्याची सगळी सेना यांच्यावर मी आपलं गौरव मिळवीन. आणि सेना बुडते. याला चांगुलपणा कसा म्हणायचा? मूळ भाषेत इथंही वजनाचा खेळ आहे. फारो गुलामांचं काम ‘जड’ करतो, देवानं धाडलेल्या पीडा येतात तेव्हा आपलं हृदय ‘जड’ करतो, आणि शेवटी देव म्हणतो, आता वजन माझं कळेल. विटा थापणाऱ्यांच्या मानेवरचं ओझं उचलण्याची ही भाषा आहे. तरी बुडालेले सैनिक बुडालेलेच राहतात, आणि त्यांतले कितीजण स्वखुशीनं रथावर चढले असतील? यहुदी परंपरेला हा काटा सलत राहिला. तालमुदात अशी कथा आहे की देवदूत विजयगीत गायला निघाले, तेव्हा देवानं त्यांना अडवलं: माझ्या हातांनी घडवलेली माणसं समुद्रात बुडताहेत आणि तुम्हाला गाणं सुचतं? वल्हांडणाच्या, म्हणजे त्या सुटकेच्या सणाच्या, जेवणात एकेका पीडेचं नाव घेताना आजही पेल्यातला द्राक्षारस थेंब थेंब कमी केला जातो. माझं समाधान यानं पूर्ण होत नाही. पण ज्यांची ती सुटकेची कथा, त्यांनीच देवाचं गौरव आणि शत्रूचं मरण यांची अशी फारकत केली असेल, तर ख्रिस्ती माणसानं ते पुन्हा एकत्र बांधायचं काय कारण?

दुसरं वचन यशया संदेष्ट्याचं: मी आपलं गौरव दुसऱ्याला देणार नाही. अहंकाराचा आरोप करणाऱ्यांचं हे हुकमी पान. पण त्याच अध्यायात वर चार ओळी वाचल्या तर ‘चेपलेला बोरू तो मोडणार नाही’ अशा सेवकाचं वर्णन आहे, आंधळ्यांचे डोळे उघडायचे आहेत, कैद्यांना कोठडीतून काढायचं आहे. ज्यांना गौरव द्यायचं नाही ते ‘दुसरे’ म्हणजे कोरीव मूर्ती. आणि हा भाग ज्या काळाशी बोलतो त्या काळी त्या मूर्तींमागे बाबेलचं (बॅबिलोनचं) साम्राज्य उभं होतं, ज्यानं यरुशलेम जाळून लोकांना हाकलून नेलं. कैदी सोडवण्याचं श्रेय तुरुंगाच्या मालकाला देणार नाही, असं म्हणणं हा अहंकार असेल तर मग न्याय कशाला म्हणायचं? आणि ज्याला हा देव खरोखरच कंजूष वाटतो त्यानं योहानाचा सतरावा अध्याय उघडावा. तिथं येशू पित्याला म्हणतो, जे गौरव तू मला दिलंस ते मी यांना दिलं आहे. यांना, म्हणजे कोळी, जकातदार आणि तासाभरात पळ काढणारे शिष्य. त्याच प्रार्थनेत जग होण्यापूर्वीच्या गौरवाचाही उल्लेख आहे. कुणी स्तुती करायला नव्हतं तेव्हाही ते होतं. पिता आणि पुत्र यांच्या एकमेकांना देण्यात होतं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धान्त अनेकांना कोडं वाटतो, पण या वादात तो फार कामाचा आहे. ज्या देवात देणंघेणं अनादी आहे, त्याला प्रेक्षकांची टंचाई भासत नाही.

इथवर वचनांचं झालं. इतिहासाचा मुद्दा जास्त बोचरा आहे. ग्रंथात काहीही असो, चर्चनं देवाचं गौरव कशात पाहिलं? पॅरिसजवळच्या सेंट डेनिस मठाचा प्रमुख सुजेर यानं रंगीत काचांतून प्रकाश ओतणारा नवा गाभारा उभारला, 1144 मध्ये त्याचं समर्पण झालं, आणि गॉथिक वास्तुकलेची सुरुवात तिथून मोजतात. त्याआधीच क्लेअरव्होच्या बर्नार्डनं बजावून ठेवलं होतं की चर्चच्या भिंती झळकतात आणि चर्चचे गरीब उघडे राहतात. मी बर्नार्डच्या बाजूचा. पण सुजेर मूर्ख नव्हता. वर्षभर धुरकट झोपडीत राहणाऱ्या शेतकऱ्याला एक तरी सुंदर जागा आपली म्हणता यावी, हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गोव्याकडे वळलो की मात्र असा मोठेपणा दाखवता येत नाही. जुन्या गोव्याच्या सोनेरी वेद्या आणि 1560 पासून, मधली थोडी वर्षं सोडली तर, 1812 पर्यंत चाललेलं धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) ही एकाच शहरातली दृश्यं. देवाचं गौरव हा शब्द त्या काळी तिथं सगळ्यांच्या ओठांवर होता. म्हणून शब्द टाकून द्यायचा का? माझं उत्तर असं की त्या कारभाराला दोषी ठरवायला सर्वांत कठोर माप त्याच शब्दात आहे. गौरव म्हणजे सत्ता असं धरलं तर गोव्याच्या न्यायाधीशांचं काही चुकलं नाही; गौरव म्हणजे मोशेनं ऐकलेली दया असं धरलं, तरच त्यांनी देवाबद्दल खोटी साक्ष दिली असं म्हणता येतं.

इमारतींचं वजन किती टिकतं, हे पाहायला वसईचा किल्ला पुरे. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी तो घेतला. आतल्या चर्चांची छपरं गेली, कमानींत पिंपळ उगवले, आणि पोर्तुगीज घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराला, वाईजवळच्या मेणवलीला त्या अजून टांगलेल्या आहेत. ईखाबोद म्हणावं असाच तो प्रसंग. पण वसईच्या वाड्यांतून राहणारे ख्रिस्ती राहिलेच, भाजी-केळी पिकवत, आपल्या बोलीत प्रार्थना म्हणत. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात यहेज्केल संदेष्ट्यानं हेच पाहिलं होतं. मंदिर अजून उभं असताना त्याला गौरव दिसलं ते बाबेलातल्या खबार नदीकाठी, हद्दपार झालेल्यांच्या छावणीत. आणि नंतर दृष्टान्तात ते मंदिराच्या उंबऱ्यावरून उठून पूर्वेकडे निघून गेलं. मंदिर पडलं ते त्यानंतर, 586 च्या सुमारास. देव आधी निघाला, भिंती मागून कोसळल्या.

मार्टिन लूथरनं 1518 मध्ये हायडेलबर्गच्या वादसभेत ‘गौरवाचा धर्मपंडित’ आणि ‘क्रूसाचा धर्मपंडित’ असा भेद केला. पहिला वाइटाला चांगलं आणि चांगल्याला वाईट म्हणतो, दुसरा जे आहे ते म्हणतो. रोममध्ये सेंट पीटरचं भव्य चर्च उठत होतं आणि त्यासाठी जर्मनीत पापक्षमापत्रं विकली जात होती, त्या वेळची ही गोष्ट. लूथरचा राग मला पटतो; पण ‘गौरव’ हा शब्द त्यानं विरोधकांना देऊन टाकला, हे मला सौद्यात खोट खाल्ल्यासारखं वाटतं. योहानाच्या हिशेबी क्रूस आणि गौरव हे दोन पक्षच नाहीत.

आणि नेमका इथं तिसरा आक्षेप उभा राहतो, माझ्या दृष्टीनं सर्वांत गंभीर. क्रूस हेच गौरव असं म्हटलं की चिरडलेल्याला सांगता येतं: सोस बाबा, यातच देवाचं गौरव आहे. मारकुट्या नवऱ्याच्या बायकोला हे सांगितलेलं मी ऐकलं आहे, आणि सांगणाऱ्याच्या हातात बायबल होतं. अहमदनगर परिसरातल्या आमच्या मंडळ्यांत बहुतेकांचे पणजोबा महारवाड्यातून, मांगवाड्यातून आलेले. त्यांना दुःखाचं महात्म्य शिकवायची गरज नव्हती. 1981 मध्ये अरविंद निर्मळ यांनी बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दलित ईशज्ञानाची (थिऑलॉजीची) मांडणी सुरू केली ती याच अस्वस्थतेतून. त्यांनी सेवक-देवाची कल्पना पुढे आणली: जे काम इथं पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर लादलं गेलं, ते करणारा देव. यातला फरक बारीक आहे, पण सगळं त्यावर अवलंबून आहे. गौरव लादलेल्या दुःखात नसतं. दुःख लादलेल्यांच्या बाजूला येऊन उभ्या राहणाऱ्यात असतं. येशू पाय धुतो ते गुरुपण हातात असताना. पेत्राला तो गुलाम करत नाही, उलट पेत्रालाच संकोच वाटतो. दुसऱ्या शतकात लिआँच्या इरेनियसनं लिहिलं होतं, जिवंत माणूस हे देवाचं गौरव. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी फेब्रुवारी 1980 मध्ये लूव्हँच्या विद्यापीठात ते वाक्य बदलून घेतलं: जिवंत गरीब माणूस हे देवाचं गौरव. जिवंत, हा शब्द दोघांनीही राखला. पुढच्याच महिन्यात, 24 मार्चला, मिस्सा ही उपासना करताना रोमेरोंना गोळी घातली गेली. सोसत राहा असं सांगणाऱ्यांना कुणी गोळ्या घालत नाही.

परिसंवादातल्या पाळकसाहेबांवर मी थोडा अन्याय केला असेन, कारण दोष एकट्या त्यांचा नाही. आमच्या उपासनेत साक्षीची वेळ असते. माणसं उठून सांगतात, मुलाला व्हिसा मिळाला, प्रभूला गौरव असो; गाठ साधीच निघाली, प्रभूला गौरव असो. कृतज्ञता खरी असते, तिची थट्टा मी करणार नाही. पण ज्याचा व्हिसा नाकारला गेला तो उठत नाही. जिची गाठ साधी निघाली नाही तिच्या घरचे मागच्या बाकावर असतात. वर्षानुवर्षं हेच ऐकल्यावर मंडळीच्या मनात काय बसतं? यशाच्या पावतीवर मारायचा शिक्का म्हणजे गौरव. विवेकवादी वक्त्यानं ज्या देवाची टर उडवली, तो आम्हीच त्याच्यापुढे नेऊन ठेवला होता.

एक टीका मात्र माझ्यावरही व्हायला हवी. गौरव म्हणजे चांगुलपणा, असं सारखं म्हणत राहिलं की देव एखाद्या सज्जन शेजाऱ्यासारखा वाटू लागतो. पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेनं असं होऊ दिलं नाही. चौदाव्या शतकात अ‍ॅथॉस पर्वतावरच्या संन्याशांच्या बाजूनं ग्रेगरी पालामास यांनी मांडलं की ताबोर डोंगरावर येशूच्या मुखावर शिष्यांना दिसलेला प्रकाश निर्मित नव्हता, खुद्द देवाचा होता. तरी देवाचं मूळ स्वरूप त्यापलीकडे अगम्यच राहतं. याची मला गरज वाटते. दया दिपवणारीही असू शकते, हे विसरलं की ती नुसती भलमनसाई उरते. तरीही लूकनं त्या प्रकाशात चाललेलं संभाषण नोंदवलं आहे, ते सोडून चालत नाही. मोशे आणि एलिया तिथं येशूशी बोलतात ते यरुशलेमात होणाऱ्या त्याच्या निर्गमनाबद्दल, म्हणजे मरणाबद्दल. पेत्राला मात्र तिथंच तीन मंडप उभारायचे होते.

शेवटचा आक्षेप असा घेतला जातो की हे सगळं तात्पुरतं. शेवटी प्रकटीकरणात, म्हणजे बायबलच्या अखेरच्या पुस्तकात, सिंहासन आहे, लढाई आहे, रक्तानं भिजलेला झगा घातलेला घोडेस्वार आहे, म्हणजे अखेरीस सत्ताच जिंकते. तो झगा लढाई सुरू होण्याआधीच भिजलेला आहे, हे खरं. रक्त कुणाचं, यावर भाष्यकारांत वाद आहे आणि मी ते त्याचं स्वतःचं मानतो. पण त्या पुस्तकाची किल्ली एकोणिसाव्या अध्यायात नाही, पाचव्यात आहे. देवाच्या हातातली शिक्के मारलेली गुंडाळी उघडायला कुणी योग्य सापडत नाही म्हणून हा दृष्टान्त पाहणारा योहान रडतो. त्याला सांगितलं जातं, रडू नकोस, यहूदा वंशाचा सिंह विजयी झाला आहे. तो पाहतो, तर सिंह कुठेच नाही. वधल्यासारखं दिसणारं कोकरू उभं आहे, आणि गौरवाचं गाणं त्याच्याभोवती सुरू होतं. ख्रिस्तासाठी सिंहाची उपमा त्यानंतर पुन्हा येत नाही. सिंहाचं तोंड दिसतं ते तेराव्या अध्यायात, आणि ते असतं समुद्रातून वर आलेल्या श्वापदाचं.